माहेरचा रकाना

काचेची नळी धुतली की ती उजेडाकडे धरून पाहायची. आत थेंब चिकटून राहिले तर नळी अजून स्वच्छ नाही. पाणी एकसारखं पातळ होऊन खाली उतरलं तर स्वच्छ. हे मला आमच्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं आणि बावीस वर्षं मी तेच केलं. अजूनही घरात पेला धुतला की माझा हात आपोआप खिडकीकडे जातो. सून हसते. म्हणते, आई, पाणी प्यायचं आहे, तपासायचं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नातीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिता येतं. चार माणसांत मला बोलता येत नाही, लहानपणापासूनच. याच न बोलण्यामुळे एकदा एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता, तेच सांगायचं आहे.

वाशीमला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेलाच्या गिरणीमागे तीन खोल्या होत्या. तिथे आमची रक्ताची प्रयोगशाळा. साहेब मूळचे अनसिंगकडचे. तरुणपणी मोठ्या शहरात होते. हृदय उघडून ऑपरेशन करतात तेव्हा माणसाचं रक्त यंत्रातून फिरवतात, त्या कामावर ते होते. मग मूत्रपिंडाच्या कामावर गेले, एकाचं काढून दुसऱ्याला बसवतात त्या. साहेब म्हणायचे, काम सगळं एकच. एकाचं दुसऱ्याच्या अंगात टिकतं की नाही, एवढाच प्रश्न. आईनं मुलाला मूत्रपिंड दिलं तरी मुलाचं शरीर आधी भांडतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. उतारवयात ते गावाकडे परत आले ते एक गोष्ट मनात धरून. आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत कुठलं रक्त आहे, कोणाचं कोणाला चालेल, हे लिहून काढायचं.

रक्त जुळवणं म्हणजे काय, ते मी माझ्या भाषेत सांगते. ज्याला रक्त द्यायचं त्याच्या रक्तावर येणारं पिवळं पाणी एका नळीत घ्यायचं. त्यात देणाऱ्याच्या लाल पेशी टाकायच्या. नळी चक्रीत फिरवायची आणि हलक्या हातानं हलवून पाहायची. पाणी सारखं गुलाबी झालं तर जुळलं. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसल्या तर ते रक्त त्या माणसाला विष. नळीत साबणाचा अंश राहिला तरी निकाल चुकतो, म्हणून माझ्या हातातलं काम लहान नव्हतं. हे मी कधी कोणाला म्हटलं नाही, पण मनात होतं.

गावोगाव फिरायचो ती आम्ही तिघं. साहेब, मी आणि सुधाकर. सुधाकर सुई टोचायचा आणि रजिस्टर लिहायचा, रिसोडचा बोलका माणूस. लोकांना वाटायचं आम्ही रक्त विकतो. एक म्हातारा म्हणाला, अर्धा शेर दूध आणा, मगच हात पुढं करीन. एक म्हातारी दुसऱ्या दिवशी बस धरून वाशीमला आली आणि दारात बसली. "काल तुमी नेलं तवापासून मले चक्कर येऊन राह्यली. माहं रक्त वापस द्या." सुधाकरनं समजावलं, मी पाणी दिलं, ती हलेना. शेवटी साहेबांनी तिची नळी शोधून तिच्या हातात दिली. तिनं ती पदरात बांधली, घरी नेली आणि लिंबाच्या बुडाशी ओतली. पुढच्या वर्षी त्या गावी गेलो तर लिंबू चांगला धरला होता, आणि म्हातारीनं पिशवीभर लिंबं दिली. ती आम्ही खाल्ली नाहीत.

नावं विचारायचं काम आधी माझ्याकडे होतं, बायका बाईला सांगतील म्हणून. पण मला विचारताच येईना. मी नळीवर आकडा टाकायची आणि माझ्या वहीत त्या आकड्यापुढे जे दिसलं ते लिहायची. दारात शेवगा, मनगटावर विंचू गोंदलेला, सुई पाहून रडली, म्हशीचं एक शिंग मोडलेलं. चार दिवसांनी साहेबांनी नावं सुधाकरकडे दिली, पण माझी लिहायची सवय राहिली. सुधाकर वही पाहून म्हणायचा, "मावशी, हे रक्ताचं काम हाये का गावाचा पंचनामा?"

शिरपूरला एकदा भर लग्नसराईत गेलो. मंदिराच्या मागच्या गल्लीत निळ्या दाराचं एक लग्नघर होतं. तिथल्या बायका हसतखेळत एकामागून एक हात पुढे करत होत्या. त्यात चोवीस-पंचवीस वर्षांची एक. सुधाकरनं नाव विचारलं, तर ती बोलायच्या आत मागून घरची बाई म्हणाली, गोदी लिव्हा. त्यानं गोदा लिहिलं आणि त्या दिवशी सगळ्यांपुढे लिहीत होता तसं गाव शिरपूर लिहिलं. माझ्या वहीत मी लिहिलं: लग्नघर, निळं दार. हळदीचे हात. डाव्या कानाची पाळी फाटून शिवलेली. सुईला हसली.

चार दिवसांनी साहेब तिच्या नळीवर वाकून किती वेळ बसले. तिचं रक्त दिसायला ओ गटाचं. पण ओ गटाचं कुठलंही रक्त तिच्याशी जुळेना, सगळ्यांशी गुठळ्या. याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. तो फार थोड्यांचा असतो आणि त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. अशी बाई बाळंतपणात अडली आणि चुकून ओ रक्त दिलं तर संपलं. साहेबांनी सुधाकरला लगेच शिरपूरला पाठवलं. तो दोनदा जाऊन आला. मतदारयादी पाहिली, ग्रामपंचायतीत विचारलं. ती कोणत्या घरातली ते रजिस्टरात नव्हतं; माझ्या वहीत होतं, पण मला कोणी विचारलं नाही. त्या नावाची त्या वयाची बाई गावात नाही म्हणाले. साहेब म्हणाले, असेल कुठे शेतावर, सापडेल.

वर्षभरानं अनसिंगजवळच्या एका गावी गेलो. एका ओसरीवर एक सून पुढे आली. मी नळीला आकडा टाकत होते, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुमी शिरपूरले आल्त्या ना, माह्या आत्याच्या घरी लग्नात? पुन्हा काहून घेता? पयलं रक्त आटलं का काय?"

मी तिच्या कानाकडे पाहिलं. पाळी शिवलेली. तेवढ्यात तिची सासू आली आणि ती गप्प झाली. सुधाकरनं विचारलेल्या नावाला सासूनंच उत्तर दिलं, सुनंदा. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून सासरी तेच. माहेरच्या माणसांच्या तोंडी मात्र जुनंच राहतं. माझंही तसंच झालेलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि सुधाकर शोधतो ती हीच, हे निकालातून साहेबांना कळेलच असं मी धरून चालले. वहीत लिहिलं: सुनंदा. तीच, शिरपूरची.

निकाल आला त्या दिवशी साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "सुधाकर, दुसरी सापडली." त्यांनी जुन्या सोबत्यांना फोन लावले, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना पत्र लिहिलं की आमच्या लहानशा जिल्ह्यात दोन बायका या गटाच्या मिळाल्या. साहेबांच्या पत्नी वारल्या तेव्हापासून त्यांना मी इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पेढे आणवले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. मी तोंड उघडलं होतं, साहेब, ती एकच आहे म्हणायला. पेढा हातावर होता. मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग पुढच्या आठवड्यात. जितके दिवस जातील तितकं सांगणं अवघड होतं, हे चोरी करणाऱ्यालाही कळत असेल. सुधाकर सुनंदाकडे रक्तगटाचं कार्ड द्यायला गेला तेव्हा ती म्हणाली होती, मी आधीही एकदा रक्त दिलंय. त्याला वाटलं बाळंतपणातलं सांगते आहे. त्यानं तिच्या घरच्या सगळ्यांचं रक्त तपासायला आणलं, म्हणजे सासू, नवरा आणि दीर. साहेब त्याला रागावले, यांचा तिच्या रक्ताशी काय संबंध? माहेरचे कोण? तो म्हणाला, आईबाप नाहीत, एक भाऊ आहे तो ऊसतोडीला गेला आहे. ते तिथेच राहिलं. दोन होत्याच, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती.

असं दोन वर्षं चाललं. मग गजानन आला.

गजानन रिसोडच्या बाजारात सोयाबीनची पोती उचलायचा. तिशीतला, दोन मुली. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप खराब झाली. आता चार पावलं चालला की दम लागायचा, आडवं झोपता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसायचा. नागपूरला ऑपरेशन ठरलं, पण तिथे त्याचं रक्त कशाशीच जुळेना. त्यांनी साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी एकदा पाहिलं आणि ओळखलं. तोच गट.

"साहेब," गजानन दम खात म्हणाला, "क्विंटलाचं पोतं पाठीवर मारलं तवा कोणी इचारलं नाई, गजा, तुले चालते का. आता रक्ताचे एवढे लाड. हे त सोयरीक पाह्यल्यासारखं झालं. कोणी पसंतच नाई पडून राह्यलं."

नागपूरचे सर्जन म्हणाले, निदान दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय छाती उघडणार नाही. एका माणसाकडून एका वेळी एकच पिशवी घेतात, दुसरीसाठी काही महिने थांबावं लागतं. तेवढे महिने गजाननकडे नव्हते. साहेबांनी त्यांना सांगितलं, माझ्याकडे दोन बायका आहेत. तारीख ठरली. सुनंदानं होकार दिला, आणि सुधाकर पुन्हा शिरपूरला गोदाला शोधायला निघाला. तो रोज सकाळी निघायचा आणि मी रोज नळ्या धूत त्याला जाताना पाहायची.

तिसऱ्या दिवशी गजाननची बायको लता नळावर आली. हात धुता धुता मला म्हणाली, "मावशी, दोन हायेत ना वो? साहेब म्हने दोघीजणी हायेत."

मी म्हणाले, "हाव."

आयुष्यात मी कमी बोलले, पण त्यातला हा एक शब्द मला परत घेता आला असता तर बरं झालं असतं. ती गेली. माझ्या हातातली नळी उजेडात धरून पाहायची राहून गेली. त्याच दुपारी साहेब टेबलाशी बसले होते, सुधाकर नव्हता. मी त्यांच्याकडे पाठ करून नळाशीच उभी राहिले. समोर पाहून मला बोलता आलंच नसतं.

"साहेब, सुधाकरले शिरपूरले धाडू नका. गोदा अन् सुनंदा एकच हाये. एक माहेरचं नाव, एक सासरचं. दोघींचा कान एकच."

मग मी वळले. मी वही पुढे केली. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली.

"केव्हापासून माहीत आहे?"

"पेढ्याच्या दिवसापासून."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "मग पेढा काहून खाल्ला, बाई?"

मी वही परत घेतली. मला वाटलं आता कामावरून काढतील, आणि ते बरोबरच झालं असतं. पण त्यांनी फोन उचलला आणि नागपूरला सांगितलं, माझी चूक झाली, माझ्याकडे दोन नाहीत, एकच आहे, तारीख पुढे ढकला. माझी चूक, असंच म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाला ते फोनवर म्हणताना मी ऐकलं.

फोन ठेवून ते म्हणाले, "आईबाप तेच असले तर भावाचं रक्त असंच असण्याची चार आणे आशा असते. तिला भाऊ आहे ना? चला. आणि या वेळी तुम्ही विचारायचं, मी नाही."

सुधाकर परत आल्यावर आम्ही तिघं जीपनं अनसिंगकडे गेलो. सासू ओसरीतूनच कडाडली, "एकडाव दिलं, दोनडाव दिलं. आमच्या सुनेच्या अंगात काय इहीर हाये?" साहेब बाहेर तिच्याशी बोलत बसले. मी आत चुलीपाशी सुनंदाजवळ बसले. तिचं माहेरचं नाव घेऊन हाक मारली, गोदे, म्हणून. ती दचकून पाहायला लागली. त्या घरात त्या नावानं तिला कोणी हाक मारली नव्हती. मी विचारलं, भाऊ कुठे असतो तुझा? ती म्हणाली, रिसोडच्या पलीकडे वस्तीवर, किसन नाव, ऊसतोडीहून आता परतला असेल. मग म्हणाली, "त्याले माह्यं नाव सांगान तवा गोदीच सांगजा. सुनंदा त्याले मालूमच नाई."

किसन छपराचे पत्रे बसवत होता. गोदीकडून आलो म्हटल्यावर तो हातातला पत्रा तसाच टाकून शिडीवरून उतरला. "गोदीचं काही वाईट झालं का?" काही वाईट नाही हे त्याला पटेपर्यंत चहा झाला. त्यानं हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. ऊस तोडणाऱ्या हाताची शीर सापडायला सुधाकरला दोनदा टोचावं लागलं.

त्या दिवशीच्या नळ्या मी चारदा धुतल्या. प्रत्येक वेळी उजेडात पाहिल्या. साहेबांनी गजाननच्या रक्तावरचं पाणी घेतलं, किसनच्या पेशी टाकल्या, चक्री फिरवली. मग नळी बाहेर काढून ती त्यांनी स्वतः पाहिली नाही, माझ्या हातात दिली. मी खिडकीशी गेले, हलक्या हातानं हलवली. बावीस वर्षांत मी हजारो गुठळ्या पाहिल्या असतील. त्या नळीत काही झालं नाही. पाणी गुलाबी झालं आणि तसंच राहिलं.

"जुळलं," मी म्हणाले. सुधाकर सांगतो की मी मोठ्यानं म्हणाले. मला आठवत नाही.

सुनंदा म्हणाली, मावशी आली तर नागपूरला येते. म्हणून मी पहिल्यांदा नागपूर पाहिलं, म्हणजे दवाखानाच पाहिला. बहीण-भाऊ शेजारच्या दोन पलंगांवर झोपले होते, हाताला नळ्या लावलेल्या. किसन छताकडे पाहत तिला विचारत होता, गोदे, तुह्या पोराचं नाव काय ठेवलं? किती वर्षांनी भेटले होते कोणास ठाऊक. नर्सनं नाव विचारलं तेव्हा सुनंदानं आधी सासरचं सांगितलं. मग थांबून म्हणाली, "खाली गोदा बी लिव्हा."

गजानन वाचला. ऑपरेशनला सकाळपासून दुपार झाली, लता माझा हात धरून बसली होती आणि तिला दिलेल्या त्या खोट्या होकाराबद्दल मी तिला काहीच सांगितलं नाही. आता सांगते, पण तेही या वहीतच. गजानन पोती उचलत नाही, बाजाराच्या फाटकावर बसून गाड्यांच्या पावत्या पाहतो. त्याला धातूची झडप बसवली आहे, जवळ बसलं की छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. लोकांना सांगतो, "आतमंदी एका बहीण-भावाचं रक्त हाये ना. ते भांडून राह्यले."

नागपूरहून परतल्यावर साहेबांनी मोठ्या शहरातल्या त्या डॉक्टरांना दुसरं पत्र लिहिलं. रजिस्टरात या गटाचं रक्त देणारे दोन होते तिथे रेघ मारून एक केलं, आणि किसन धरून पुन्हा दोन लिहिलं. मग नवं रजिस्टर आणलं. त्यात एक रकाना जास्तीचा आखला. वर लिहिलं, माहेरचं नाव व गाव. आधी आखायला हवा होता, म्हणाले. पुढे त्या रकान्यानं आम्हाला किती चुका दाखवल्या ते सांगत बसले तर ही वही पुरणार नाही.

रजिस्टर सुरू करायचं म्हणून ते म्हणाले, पहिली ओळ आपल्याच माणसांपासून. त्यांनी माझं नाव लिहिलं, शोभा. वय, गाव, रक्तगट लिहिला. मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आणि माहेरचं?"

कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. साहेब विचारत होते आणि सुधाकर पाहत होता. मला इतकी लाज वाटली की नळ्या राहिल्यात म्हणून मी आतल्या खोलीत गेले. साहेब थोडा वेळ थांबले असतील. नंतर कधी त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तो रकाना कोरा राहिला.

आता साहेब नाहीत. प्रयोगशाळा बंद झाली, तिथे मोबाईलचं दुकान आहे. रजिस्टरं कुठल्याशा मोठ्या कॉलेजात नेली. तिथे कोणी पहिलं पान उघडलं तर पहिल्याच ओळीत एक जागा रिकामी दिसेल आणि वाटेल, लिहिणाऱ्याकडून राहिली. लिहिणाऱ्याकडून राहिली नाही. माझ्याकडून राहिली.

म्हणून इथे लिहून ठेवते. शोभा, वाशीम, रक्तगट बी. माहेरचं नाव वेणू.